पाणक्याची पट्टी

"घरात कुणी अचानक गेलंय का? म्हणजे चाळिशीच्या आत, काही आजार नसताना?" हे विचारताना डॉक्टरीणबाई कासाग्रांदे वर बघतसुद्धा नव्हत्या. दिवसाला तीस खेळाडू तपासायचे, तीसदा हाच प्रश्न विचारायचा, तीसदा ‘नाही’ ऐकायचं आणि चौकटीत फुली मारायची. एल्व्हिओ फावारेत्तोनंही सवयीनं ‘नाही’ म्हटलं, पेन कागदावर टेकलं, आणि तेवढ्यात बाजूला बुटांच्या नाड्या बांधत बसलेली मोरेना म्हणाली, "अरे, बाबा नाही का?" पेन वर उचललं गेलं. तेवढंच झालं खरं तर. पण अठरा वर्षं नीट रचून ठेवलेल्या सामानातला सगळ्यात खालचाच डबा कुणीतरी ओढल्यासारखं एल्व्हिओला वाटलं. "ते अपघातात गेले," तो म्हणाला, "सायकलवरून पडून. हिच्या जन्माआधी. मी हिच्या आईचा नवरा." हे शेवटचं वाक्य त्यानं शाळेत, चर्चमध्ये, सायकल संघाच्या कचेरीत इतक्यांदा म्हटलं होतं की आता जीभ अडखळत नसे. डॉक्टरीणबाईंनी मोरेनाच्या हृदयाच्या ठोक्यांची पट्टी पुन्हा टेबलावर पसरली. गुलाबी चौकटींच्या कागदावर काळी रेघ वरखाली पळत होती. "हे बघा. छातीवरच्या पहिल्या चार तारांत ही शेवटची लाट वर जायला हवी, ती खाली गेलीय. मोठ्या माणसात दिसली असती तर मी शिक्का हातातच घेतला नसता. हिच्या वयात काहींची राहते अशी, पुढे सुलटी होते. सोनोग्राफी ठीक आहे. चोवीस तासांच्या यंत्रात काही जादा ठोके आलेत, पण तेवढे कॉफीनंही येतात." "मग?" "मग काठावर आहे. काठावर असलं की घराणं बघायचं. हा आजार रक्तातून येतो, आणि आपल्या या भागात तो आहे. हृदयाचं मांस जाऊन तिथे चरबी भरते. बाहेरून माणूस बैलासारखा, आणि एक दिवस..." त्या मोरेनाकडे बघून थांबल्या. "वडील शर्यतीत होते म्हणजे त्यांची तपासणी झालीच असणार. ती पट्टी मिळाली तर बरं. साफ असली तर हिला सोडते. नसली तर हिची सायकल आजपासून बंद." मोरेना उडीच मारून उठली. "आहे की! आईच्या खणात आहे. एकदम साफ, खाली डॉक्टरांनी लिहिलंयसुद्धा!" "मग गुरुवारी घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारायला दाराकडे बघितलं.

गाडीत बसल्यावर मोरेना बडबडत होती. रविवारी राष्ट्रीय संघाची निवड, मोंतेल्लोच्या टेकडीवरचा चढ, कुठला गिअर, कोण कोण पडणार. ट्रेव्हिझोचे कालवे फेब्रुवारीच्या धुक्यात बुडाले होते आणि एल्व्हिओ पुसणी चालू करून काच पुसत होता, जरी पाऊस नव्हता. बायकोच्या, नीवेसच्या, कपाटातला तो वरून दुसरा खण त्याला पाठ होता. जपमाळ, मोरेनाच्या बापाची, तुलिओची, संघाची टोपी, कडा पिवळ्या पडलेला एक फोटो, आणि पातळ कागदात गुंडाळलेली ती पट्टी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, मृतांची आठवण काढायच्या दिवशी, नीवेसनं ती पलंगावर उलगडली होती. ‘हे बघ,’ ती म्हणाली होती, आणि तिचं बोट रेघेवरून हळूहळू चाललं होतं, चढावर चढत, उतारावर उतरत. ‘बेचाळीस ठोके. किती शांत चालायचं रे याचं काळीज. इथे बघ, एवढासा दात आहे, टोकावर. त्याचाच असणार असा, दुसऱ्या कुणाचा नाही.’ एल्व्हिओ शेजारी बसून बघत होता. त्या बोटाला चिमूटभर पिठाएवढंसुद्धा वजन नव्हतं. ते बोट त्याच्या छातीवरून असं कधी फिरलं नाही, ना त्याआधी ना नंतर. आणि तो दात एल्व्हिओचा होता. ते बेचाळीस ठोके एल्व्हिओचे होते. माणसं काय काय गोष्टींचा मत्सर करतात. एल्व्हिओ फावारेत्तो अठरा वर्षं स्वतःच्याच काळजाचा मत्सर करत आला होता, आणि हे कुणाला सांगावं तर लोक हसले असते. त्याला स्वतःलाही कधी कधी हसू येई, कारखान्यात सायकलीची फ्रेम जोडताना, तोंडावर काचेचा मुखवटा असताना. तेव्हा कुणाला दिसत नसे.

तुलिओ नायक होता आणि एल्व्हिओ पाणक्या. संघात सात जण असले तरी जिंकायचं एकानंच असतं. बाकीच्यांनी त्याच्यासाठी वारा खायचा, मागच्या गाडीतून बाटल्या आणायच्या, सदऱ्यात खुपसून सहा सहा बाटल्या घेऊन पुन्हा पुढे गाठायचं. नायकाचं चाक फुटलं तर खाली उतरून आपलं चाक काढून द्यायचं आणि रस्त्याकडेला उभं राहून गाडीची वाट बघायची. हे कुणी शिकवत नाही. ज्याचे पाय जास्त चांगले त्याला जे लागेल ते द्यायचं, एवढंच. एल्व्हिओनं दोन हंगामांत तुलिओला अकरा चाकं दिली, पाण्याचा तर हिशेबच नाही. तुलिओ दिलदार होता, गुणी होता, आणि थोडा नालायकही होता. जिंकल्यावर फुलांचा गुच्छ एल्व्हिओच्या अंगावर फेकून म्हणायचा, ‘घे रे, तुझ्या नवरीला दे.’ एल्व्हिओला नवरी नव्हती. नीवेस तिथेच उभी असायची, तुलिओच्या घामट सदऱ्यावर गाल टेकून. तुलिओ गेला त्या वर्षी मार्चमध्ये मोंतेल्लोच्या तिसऱ्या चढावर तुलिओ सायकलवरून हळूच खाली बसला आणि त्याचे डोळे वर गेले. एल्व्हिओनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अर्धं मिनिट गेलं असेल. मग तो हसत उठला आणि म्हणाला, ‘सकाळी खाल्लं नव्हतं.’ पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग वार्षिक तपासणीत डॉक्टरनं कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं, मेस्त्रेला मोठ्या केंद्रात पट्टी पुन्हा काढून आणा. एका मोठ्या संघाचा करार समोर होता. करारात अट होती की पाणक्याही सोबत येईल.

"एकदाच माझ्या जागी झोप," तुलिओ म्हणाला होता. दोघे बारमध्ये उभे होते, हातात वाइनचा छोटा पेला. "मेस्त्रेत आपल्याला कोण ओळखतंय? तपासणीच्या वहीतल्या फोटोत मी न्हाव्याच्या दुकानातून पळून आल्यासारखा दिसतो. दहा मिनिटांचं काम. छातीला गार बोंडं चिकटवायची आणि पडून राहायचं."

"आणि खरंच काही असलं तर?"

"असलं तर माझं असेल. तुला काय? तू चाक देतोस तेव्हा विचारतोस का, रस्ता पुढे कसा आहे?"

एल्व्हिओ हसला होता. हसला, ही गोष्ट त्याला नंतर फार वेळा आठवली. गार बोंडं चिकटवली गेली, यंत्र कुरकुरलं, पांढऱ्या कोटातल्या म्हाताऱ्यानं पट्टी उजेडात धरली आणि वहीतलं तुलिओचं आडनाव वाचून म्हणाला, ‘वा, ब्रुझेगान, तुझ्या रेघेला दात आहे की! पण घोड्यासारखं काळीज आहे हो.’ आणि खाली लिहिलं, निरोगी. आपलं काळीज चांगलं आहे हे एल्व्हिओला तिथे कळलं, दुसऱ्याच्या नावानं. त्या दहा मिनिटांत छताकडे बघत पडला असताना त्याच्या मनात आणखी एक विचार येऊन गेला होता, आणि तो त्यानं पाद्र्यालाही कधी सांगितला नाही. मनात आलं होतं, हा खरंच आजारी असला तर नीवेस... वाक्य पुरं झालं नव्हतं. पुरं न झालेल्या वाक्याचं पाप लागतं की नाही, हे त्याला आजही ठरवता आलेलं नव्हतं. माहीत नव्हतं असं म्हणायची मात्र सोय नव्हती. तुलिओचं डोकं दोनदा त्याच्याच मांडीवर होतं.

मेमधली ती सकाळ. प्यावे नदीकडे जाणारा सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना चिनारांची रांग, वारा नाही, खडी नाही, समोरून गाडी नाही. एल्व्हिओ एका चाकाच्या अंतरावर मागे. आधी तुलिओचं डोकं खाली गेलं. मग हात. मुठी सुटल्या, बोटं उघडली, जणू झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं सुटावं. मग चाक वळलं आणि तो झाडावर गेला. कवटी फुटल्यावर डॉक्टरांना छाती उघडून बघायची गरज वाटली नाही. पोलिसानं वही काढून विचारलं, ‘काय झालं?’ आणि एल्व्हिओच्या तोंडून निघालं, ‘कुत्रं आडवं आलं.’ कुठलं कुत्रं? ‘तांबडं.’ समोरच्या मळ्यात म्हाताऱ्या बेपीचं तांबडं कुत्रं होतं. बेपी शपथेवर सांगत होता की ते साखळीला बांधलेलं होतं, सकाळपासून बांधलेलं होतं, बघा ती खुंटी. कुणी ऐकलं नाही. प्रेतयात्रेच्या दुसऱ्या दिवशी तुलिओचा थोरला भाऊ फावडं घेऊन गेला. एल्व्हिओ सोबत होता. त्यानंच साखळी धरली होती, कारण कुत्रं ओळखीचं होतं आणि शेपूट हलवत होतं. नीवेसचं पोट दिसायला लागायच्या आत, जुलैमध्ये, त्याचं नीवेसशी लग्न झालं. गावात म्हणाले, फावारेत्तोचं पोरगं म्हणजे सोनं, मित्राच्या थडग्यावर माती टाकून त्याचा संसार उचलला. पाणक्याच तो. त्यालाही तसं वाटायला लागलं होतं, सुरुवातीची काही वर्षं.

घरी नीवेस पोलेंता ढवळत होती. मक्याचं ते पीठ पाऊण तास हात न थांबवता हलवावं लागतं, आणि पाऊण तास ती कुणाकडे तोंड वळवत नसे. मोरेना वर गेल्यावर एल्व्हिओ दाराशी उभा राहिला. गप्प बसता येईल, हे त्याला गाडीतच कळलं होतं. गुरुवारी पट्टी दाखवायची, शिक्का मारून घ्यायचा, रविवारी पोरगी चढावर जाईल. कदाचित तिची लाट वयाचीच असेल. कदाचित. त्यानंच तिची सायकल बनवली होती, फ्रेम स्वतःच्या हातानं जोडलेली, तुलिओच्या सायकलीचाच निळा रंग, कारण तिनं हट्ट धरला होता. त्या निळ्यावर तिच्या मुठी सुटतील तेव्हा त्याला किती अंतरावरून दिसेल?

"काय ते बोल," नीवेस म्हणाली, "आणि पटकन. हात थांबला की गाठी होतात."

"खणातली पट्टी तुलिओची नाही."

"मग काय पोपची आहे?"

"माझी आहे. मेस्त्रेला मी गेलो होतो, त्याची वही घेऊन. त्याला चक्कर येत होती. त्यानं सांगितलं, मी गेलो."

लाकडी डाव फिरतच राहिला. मग ती हसली. बाजारात कुणी कुजका मासा ताजा म्हणून दाखवावा तेव्हा ती असंच हसे. "त्याची खोली घेतलीस. त्याची बायको घेतलीस, पोरगी घेतलीस, मी नाही म्हटलं नाही. राबलास, ते पण मान्य. आता त्याचं काळीजही पाहिजे?"

"नीवेस, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"पोरगी जिंकायला लागली तसं तुझ्या पोटात दुखायला लागलंय. मला काय दिसत नाही? जन्मभर पुढच्याची पाठ बघितलीस तू. आता ती पण पुढे जाणार म्हटल्यावर सहन होईना." ती वळली. भांड्याच्या वाफेनं चेहरा लाल झाला होता. "त्याला कुत्र्यानं मारलं. तू तुझ्या डोळ्यांनी बघितलंस. तूच सांगितलंस."

इथे बोलायला हवं होतं. एवढं एक वाक्य बोललं असतं तर बाकी सगळं आपोआप बाहेर आलं असतं, दोरा ओढल्यावर शिवण उसवते तसं. पण एल्व्हिओला शेपूट हलवणारं ते कुत्रं दिसलं आणि तो म्हणाला, "मीठ कमी घाल, परवा खारट झालं होतं." जेवताना मोरेनानं तीनदा वाढून घेतलं.

गुरुवारी नीवेस बरोबर आली. पट्टी तिनं इस्त्रीच्या रुमालात घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी ती उलगडून बोटानं मोजली, तेच ठोके, तोच दात, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "साफ आहे. अगदी साफ. मग हिचं वयाचं धरायला हरकत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. सह्या करा." मोरेनानं आईचा हात दाबला. नीवेसनं पेन घेतलं. शिक्का शाईच्या गादीवर टेकला, आणि एल्व्हिओ म्हणाला, "ती पट्टी माझी आहे. माझी आत्ता काढून बघा."

"यांचं सोडा हो," नीवेस शांतपणे म्हणाली. "हे तिच्या सायकलीच्या विरोधात आहेत." मोरेना त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता अविश्वास होता, घरचं भांडण बाहेर काढल्याचा. डॉक्टरीणबाईंनी तिघांकडे एकेकदा पाहिलं. "यात वेळ किती जातो? पाच मिनिटं. सदरा काढा."

टेबल तेच होतं म्हणायला हरकत नाही. टेबलं सगळीकडे सारखीच गार असतात. बोंडं चिकटली. छताला पाण्याचा डाग होता. एल्व्हिओ एकोणचाळीस वर्षांचा होता, पोट सुटलं होतं, वाइनची सवय लागली होती, आणि पडल्या पडल्या त्याला स्वतःच्या मनात एक इच्छा सापडली. आपला दात झिजलेला असू दे. अठरा वर्षांत रेघ बदललेली असू दे, म्हणजे डॉक्टरीणबाई मान हलवतील, नीवेस पट्टी पुन्हा रुमालात ठेवेल, मोरेना जाईल, आणि आपण सांगितलं होतं एवढं समाधान आपल्याला उरेल. सांगितलं होतं, ऐकलं नाही. उद्या काही झालं तर हात धुतलेले. आपण इतके नीच आहोत याचं त्याला नवल वाटलं नाही, नुसती थंडी वाजली. त्यानं डोळे मिटून घेतले आणि यंत्र कुरकुरायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पट्ट्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या. फार वेळ धरल्या. "ठोके वाढलेत," त्या म्हणाल्या, "बाकी हा बघा दात. याच तारेत, याच जागी, याच उंचीचा. आणि उरलेली रेघसुद्धा. एवढा योगायोग मी मानत नाही." मग त्या वळल्या. आवाजात आता रोजच्या सवयीचा सूर उरला नव्हता. "म्हणजे हिच्या वडिलांची पट्टी अशी आमच्याकडे नाहीच. आणि त्यांना कधी चक्कर यायची का?" "दोनदा. माझ्यासमोर." "आणि आधी कुणा डॉक्टरनं शंका काढली होती?" "हो." "आणि तरीही तुम्ही जाऊन झोपलात." एल्व्हिओनं सदऱ्याची बटणं लावायला घेतली. डॉक्टरीणबाई टेबलाशी बसल्या, कागद पुढे ओढला आणि दुसरा शिक्का उचलला. तो शिक्का ‘अयोग्य’चा होता, तो क्वचितच लागत असल्यामुळे शाई अर्धवट उमटली, म्हणून त्यांना तो दोनदा मारावा लागला.

मोरेना कॉरिडॉरमध्ये आली तेव्हा रडत नव्हती. जॅकेटची चेन वर ओढायचा प्रयत्न करत होती आणि चेन अडकत होती. एल्व्हिओनं सवयीनं हात पुढे केला. लहानपणापासून त्या चेनी त्यानंच ओढल्या होत्या.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "आधी त्याच्या जागी त्या टेबलावर झोपलास. मग आईच्या पलंगावर. आता मी पण खाली उतरले. झालं ना तुझं?"

"तू जिवंत राहशील, मोरेना."

"तुझ्यासारखी?"

परतीचा रस्ता चिनारांच्या रांगेतूनच होता. दुसरा लांबून जातो. मोरेना मागे खिडकीकडे तोंड करून बसली होती. पुढे नीवेस मांडीवर रुमाल घेऊन. लोखंडी क्रूस आणि त्याच्यापाशी प्लास्टिकची फुलं दिसायला लागली तशी ती म्हणाली, "थांबव." एल्व्हिओनं गाडी कडेला घेतली. ती खाली उतरली. क्रूसाकडे गेलीच नाही. रस्त्याच्या पलीकडे जाऊन मळ्याच्या कुंपणापाशी उभी राहिली. बेपी दोन वर्षांपूर्वी गेला होता, घर बंद होतं, त्यानं पुन्हा कुत्रं पाळलं नव्हतं. पण दाराशेजारची खुंटी तशीच होती, गंजलेली, आणि साखळीचा चार कड्यांचा तुकडा तिला लटकत होता. नीवेसनं खुंटीपासून रस्त्यापर्यंत नजरेनं अंतर मोजलं. मग ती परत आली आणि त्याच्या बाजूच्या खिडकीशी वाकली. एल्व्हिओनं काच खाली केली.

"कुत्रं बांधलेलं होतं."

"हो."

"साखळी तूच धरली होतीस ना, नंतर? मला थोरल्यानं सांगितलं होतं. म्हणाला, एल्व्हिओचा हात थरथरला नाही."

"हो."

"आणि तू किती मागे होतास? तेव्हा?"

"एक चाक."

तिनं मान हलवली, दुकानदारानं भाव सांगितल्यावर हलवावी तशी. रुमालातून पट्टी काढली, आणि दुमडून त्याच्या हातात दिली. "धर. तुझी आहे." मग तिनं मागचं दार उघडलं आणि मोरेनाच्या शेजारी जाऊन बसली. एल्व्हिओनं पट्टी पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवली, ती उडू नये म्हणून काच वर केली, आणि गाडी चालू केली.